झाकणावरची वाफ

(सौंसर. दुपारचे चार. अंगणातल्या खाटेवर भिंतीवरची सहा कॅलेंडरं, एक भरलेली बॅग आणि स्टीलच्या डब्याचं एक झाकण.)

सुचिता : म्हणजे गोल काढला तर नाक बंद, आणि फुली काढली तर डोकं दुखलं. बरोबर ना मावशी?

वच्छला : हो. अन् जे आधी आलं ते आधी काढाचं.

नत्थूजी : पाय सुचिता, आता तूच समजाव तुह्या मावशीले. उद्या सकाळी सहाची बस हाय. नाकाच्या ऑपरेशनचा नंबर लागाले तीन महिने गेले. अन् ही बाई जेवण झाल्यापासून कॅलेंडरं मांडून बसली. म्हणे मी येत नाई.

वच्छला : येत नाई असं कोठी म्हटलं? एक गोष्ट विचाराची हाय. तिचा जवाब भेटला का येते, असं म्हटलं.

नत्थूजी : जवाब डॉक्टरनं देल्ला ना वो! फोटो काढला. आतलं हाड वाकडं हाय म्हणला, मांस वाढलं म्हणला. अजून कोणता जवाब पाहिजे तुले?

वच्छला : डॉक्टरनं मले विचारलं, बाई, डोकं कधी कधी दुखते? मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुमीच बोलले, रोजच दुखते साहेब. झालं. त्यानं लिहून घेतलं.

नत्थूजी : मंग रोजच तं दुखते.

वच्छला : रोज नाई दुखत. मागच्या वर्षी एकशे अठरा दिवस दुखलं.

सुचिता : एकशे अठरा? तू मोजलेस?

वच्छला : आता बाप्पा! दिवसभर संत्रा निवडते मी. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे, डागी एकीकडे. इतक्या फुल्या मोजता येनार नाईत का मले?

सुचिता : मावशी, सहा महिने झाले मला त्याच दवाखान्यात या कामाला. नाक वर्षानुवर्षं बंद असलेली माणसं येतात, त्यांच्या कानशिलावर यंत्र लावून मी मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजते. तुझाही मोजला. आणि प्रत्येकाला एक फॉर्म देते. डोकं किती वेळा दुखतं? कधीकधी, वारंवार, नेहमी. तूही भरलास तो. त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?

वच्छला : फॉर्मात तीनच खाने होते.

नत्थूजी : घे! लेक मागते कागद, मावशी देते पोथी.

सुचिता : पण हे सुरू कधी केलंस? कोणी सांगितलं होतं?

वच्छला : कोणी नाई. इथल्याच एका दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, उजवीकडून दुखते का डावीकडून? सकाळी का संध्याकाळी? मले सांगता नाई आलं. तो कंपाउंडरकडे पाहून हासला. म्हणे, ज्याचं खरंच दुखते त्याले पाठ असते. घरी येताना कॅलेंडर घेतलं.

सुचिता : आणि नाक बंद आहे हे कसं ठरवायचीस? वाटलं म्हणून गोल?

वच्छला : वाटन्यावर काय भरोसा? हे झाकण पाय. नाकाखाली आडवं धराचं, तोंड मिटाचं अन् एक श्वास सोडाचा. वाफेचे दोन ढग उमटतात. एक बाजू बंद असली का तिकडचा ढग बारीक.

नत्थूजी : अन् उन्हाळ्यात उमटत नव्हते, तं मॅडमनं झाकण माठाखालच्या ओल्या वाळूत पुराले सुरुवात केली. मी पाणी प्यायले वाकलो का आधी झाकण दिसे, मंग माठ.

सुचिता : थंड राहावं म्हणून.

वच्छला : नाई तं काय. झाकण गरम असलं तं चांगलं नाकही बंद दिसते. मे महिन्याचा ढग अन् पौषातला ढग एका मापात पाहिजे ना?

सुचिता : आमच्या विभागात याच कामाची धातूची पट्टी आहे. ढग किती मोठा ते कळावं म्हणून तिच्यावर रेघा आहेत.

वच्छला : रेघा ह्याच्यावरही हायत. हात फिरवून पाय. खिळ्यानं मारल्या.

सुचिता : अगं हो! आणि सारख्या अंतरावर आहेत.

नत्थूजी : माह्या हजामतीच्या ब्लेडनं अंतर मोजलं. तवा मी अर्धी दाढी करून बसलो होतो. अन् मले काय कमी त्रास देल्ला इनं? रोज सकाळी उठलं का, "फुंका." चहा नाई, तंबाखू नाई, आधी फुंका. बैलाच्या बाजारात दात पाहातात, तसं माह्या नाकाचं चालू.

सुचिता : मावसाजींचं कशाला?

वच्छला : चांगलं नाक कसं असते हे कोणावरून ठरवू मंग? यांले जन्मात सर्दी नाई. पहिल्या महिन्यात माह्या कॅलेंडरावर गोलच गोल. जरा एक ढग बारीक दिसला का काढला गोल. मंग यांचं पाहिलं, तं यांचाही एक ढग बारीक! दोन-तीन घंट्यानं पुन्हा पाहिलं, तं आता दुसरा बारीक. म्हटलं, हे तं पाळीनं चालून राहिलं. बिमारी नाई हे. तवापासून दर वेळी दोनदा पाहाते. सकाळी उठल्याबरोबर अन् दोन-तीन घंट्यानं, कामावर दुपारच्या डब्याले अन् पुन्हा दोन-तीन घंट्यानं. दोन्ही खेपेले तीच बाजू बंद, तरच गोल. पहिला महिना खोडून टाकला.

सुचिता : मावशी…

वच्छला : काहून? चुकलं का?

सुचिता : चुकलं नाही गं. निरोगी नाकाच्या दोन्ही बाजू आळीपाळीनं फुगतात आणि ओसरतात. हे मला एमएस्सीला गेल्यावर कळलं, तेही पुस्तक वाचून. आणि स्वतःचा अख्खा महिना खोडून टाकणं… आमच्यात ते कोणाला जिवावर येतं, तुला माहीत नाही.

नत्थूजी : म्हंजे माह्या नाकानं एमएस्सी केली म्हण ना!

सुचिता : केलीच मावसाजी. बरं, मावशी, आता तुझा प्रश्न काय आहे तो विचार.

वच्छला : आधी माल पाय, मंग भाव सांग. माह्या डोकेदुखीत तीन माल हायत. पहिली ही, खान्याच्या वरच्या कोपऱ्यात. गोल, मंग फुली. ही सकाळची. रातभर नाक बंद, उठलं का कपाळावर दगड ठेवल्यासारखं. झाडझूड झाली, चार पोळ्या लाटल्या, का उतरते. हिले मी चुरी म्हणते. बारीक माल. पण ढीग तिचाच मोठा, बावन्न दिवस.

सुचिता : सकाळी असते आणि चालायला लागलं की जाते.

वच्छला : तिचं कारण मले तुह्या मशीनवर समजलं.

सुचिता : माझ्या?

वच्छला : तू ते पेनासारखं कानशिलावर टेकवलं. आवाज आला, फवारणीच्या पंपासारखा, सुंऽ सुंऽ. तू म्हणली, मावशी, हे तुह्या डोक्यातलं रक्त. मले तं काटाच आला अंगावर. मंग तू म्हणली, श्वास धरून ठेव. मी धरला. तं आवाज चढत गेला. सोड म्हणली तं पुन्हा उतरला.

सुचिता : हो. श्वास कोंडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त जास्त धावतं. त्या किती रुंदावतात हे पाहायला आम्ही सगळ्यांनाच श्वास धरायला सांगतो.

वच्छला : सगळ्यांले सांगता, बरं. मी बसमध्ये तेच धरून बसली. जागेपणी अर्धा मिनिट श्वास धरला तं रक्त असं पळते. मंग झोपेत नाक बंद असलं अन् मी श्वास धरत असन तं? घरी आल्यावर यांले म्हटलं, दोन-चार रात्री ध्यान ठेवा.

नत्थूजी : धरते ना. घोरते, घोरते, अन् एकदम चुप. मी बोटावर मोजतो. बारा, पंधरा, एकदा तं वीस झाले. माहाच जीव वर. मंग सुस्कारा टाकते अन् पुन्हा इंजन चालू.

सुचिता : हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?

नत्थूजी : बायको घोरते हे काय सांगाचं?

सुचिता : मावसाजी, उद्या तिला भूल देणार आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सगळ्यात आधी कळलं पाहिजे. झोपेत श्वास थांबतो म्हटल्यावर ते वेगळी काळजी घेतात. कदाचित आधी झोपेची तपासणीही करा म्हणतील. रक्ताचं आणि सकाळच्या दुखण्याचं मावशीनं जे जोडलं, ते बरोबर असू शकतं. एका बाईवरून मी पक्कं म्हणणार नाही. पण हाच प्रश्न मी सहा महिन्यांत स्वतःला विचारला नव्हता.

वच्छला : तू मशीनकडे पाहून राहिली होती ना बाई. डोकं माहं होतं.

सुचिता : दुसरा माल?

वच्छला : दुसरी खालच्या कोपऱ्यात. गोल दुपारचा, फुली दिवस मावळताना. बत्तीस. या साऱ्या संत्र्याच्या बहारात, माल निवडाच्या जागेवरच्या. आधी वाटे थंडीच्या हायत. पण एका साली बहार गेला, मी थंडीभर घरी होती, अन् खालचा कोपरा कोरा राहिला.

सुचिता : मग थंडी नाही. तिथलंच काहीतरी. धूळ?

वच्छला : धूळ हायच. पण अजून एक. तिथं नाक बंद झालं का आमी साऱ्या बाया एकच करतो. संत्र्याची साल दुमडाची अन् तिची पिचकारी नाकात माराची. थंडगार लागते. वाटते, वा, मोकळं झालं! मी तिथंच झाकण काढलं. ढग तेवढाच. अन् घंट्याभरानं पाहिलं, तं होता त्याहून बारीक.

सुचिता : म्हणजे मोकळं वाटत होतं, झालं नव्हतं.

वच्छला : मंग पंधरा दिवस मारली, पंधरा दिवस नाई मारली. असे तीन फेरे केले. दर खेपेले मारली तवाच फुल्या जास्त. आमच्यातली विजयाबाई म्हणे, वच्छलाले लागीर झालं, साली सोडल्या इनं. आता तीच साऱ्यांले सांगते, नाकात मारू नका वो, आत सुजते.

सुचिता : तीन फेरे. एकच पुरला असता असं नाही वाटलं?

वच्छला : एका पेटीवरून बगीचा कोणी घेते का?

नत्थूजी : आता तिसरा माल सांग लवकर. मले बॅगेची चेन दुरुस्त कराची हाय.

वच्छला : तिसरा तुमीही ऐका. हे पाय सुचिता. गोल नाई, काही नाई. नुसती फुली. आख्ख्या खान्याएवढी. अर्धं डोकं, कधी डावं, कधी उजवं. उजेड नको, भांड्याचा आवाज नको, पाणीही उलटून पडते. अन् झाकणावर दोन्ही ढग पुरे. नाक उघडं. कधी मागाहून नाक गळते, पण आधी कधीच नाई. चौतीस दिवस.

सुचिता : बावन्न, बत्तीस, चौतीस. एकशे अठरा.

वच्छला : आता माहा सवाल. उद्या नाक नीट केलं, तं या तिघींतली कोणती जाईन?

सुचिता : सर सांगतील ना उद्या. ते मोठे डॉक्टर आहेत, मी तर नुसती—

वच्छला : सरांचं सरांले विचारीन. तुले काय वाटते ते सांग. यांच्यासमोर.

सुचिता : सकाळची बरीच कमी व्हावी. दुपारची, औषध आणि धुळीला रुमाल धरून, तीही कमी व्हावी. पण ही मोठी फुली… मावशी, ही नाकाची नाहीच. ही अर्धशिशी आहे असं मला वाटतं. ऑपरेशननं ती जाणार नाही. तिचा डॉक्टर वेगळा, गोळ्या वेगळ्या.

नत्थूजी : जानार नाई? मंग कापाकापी कशासाठी?

सुचिता : बाकीच्या चौऱ्याऐंशी दिवसांसाठी, मावसाजी. आणि श्वासासाठी.

वच्छला : ऐकलं ना? बस. एवढंच ऐकवाचं होतं. मले नाई. तुमाले.

नत्थूजी : मले काहून?

वच्छला : चष्मा लागला, तुमी म्हणले आता नाई दुखनार. दुखलं. तं म्हणले, तू लावतच नसशीन. जामसावळीच्या मारुतीले पाच शनिवार गेलो. दुखलं. तं तुमची माय म्हणे, इचं ध्यान चपलांपाशी होतं. दर वेळी इलाज खरा अन् मी खोटी. आता उद्या नाक कापून आली, अन् पंधरा दिवसांनी अर्धं डोकं धरून अंधारात पडली, तं तुमी काय म्हणसान? सुचितासमोर सांगा.

सुचिता : मावसाजी?

नत्थूजी : म्हटलं असतं. काईतरी म्हटलंच असतं.

वच्छला : मले ऑपरेशनचं भेव नाई. त्या सोळाव्या दिवसाचं भेव हाय.

सुचिता : मावशी, एक विचारू? सगळ्या खुणा पेन्सिलीच्या आहेत. या मोठ्या फुल्या तेवढ्या निळ्या पेनच्या. असं का?

वच्छला : त्या मी नाई काढल्या. त्या दिवशी मले डोळा उघडता येत नाई, भिंत कोठी दिसते.

सुचिता : मग?

वच्छला : यांले विचार.

नत्थूजी : काढा लागते ना बावा. नाई तं दुसऱ्या दिवशी उठून माहं डोकं खाते, किती वाजता सुरू झालं, कोणत्या बाजूनं झालं. त्यापरीस काढलेली बरी.

सुचिता : आणि झाकण? नाक उघडं होतं हे कोणी पाहिलं?

नत्थूजी : पडल्या-पडल्या धरलं नाकाखाली. तिले तं हालवताही येत नाई तवा. दोन्ही ढग सारखे दिसले, म्हणून गोल नाई काढला. नसलेला गोल कसा काढू?

सुचिता : एकदम बरोबर केलंत. चौतीसही वेळा?

नत्थूजी : आता मोजलं नाई मी. तुमाले दोघींले मोजाचा शौक.

सुचिता : मावसाजी, माझं सगळं बोलणं या चौतीस निळ्या फुल्यांवर उभं आहे. नाक उघडं असतानाही डोकं दुखतं, हे तुम्ही मोजलंत म्हणून मी म्हणू शकले. आत्ता मी मावशीच्या बाजूनं जी साक्ष दिली, ती खरं तर तुमची आहे.

वच्छला : अन् हेच साक्षीदार बाहेर ओट्यावर जाऊन शेजारच्या अंकुशभाऊले सांगे, आमच्या घरी आज नाटक हाय.

नत्थूजी : ते लोकाईत बोलाचं असते वो. घरात मी कधी म्हटलं?

वच्छला : घरात पहिल्या वर्षी म्हटलं. हे पाय पहिलं वर्ष. एकही फुली निळी नाई.

नत्थूजी : मंग दुसऱ्या वर्षीपासून हाय ना?

वच्छला : हाय. म्हणून तं सहाही ठेवले.

सुचिता : ही मी सरांना दाखवू? तुझं नाव सांगून. हे काम माझ्या मावशीनं केलं, म्हणून. आणि फॉर्ममधले ते तीन खाने तर मी बदलायलाच लावणार आहे.

वच्छला : जुनी पाच घेऊन जा. यंदाचं घरीच राहीन, अजून भराचं हाय. फोटो काढ त्याचा. अन् नाव सांगशीन तं दोघांचं सांग. निळा पेन यांचा हाय.

नत्थूजी : माहं नाव नको. डॉक्टर म्हणन, हा मानूस बायकोच्या नाकाखाली झाकण धरत बसते.

वच्छला : धरता तं. द्या ते झाकण इकडे. बॅगेत टाकते.

नत्थूजी : म्हंजे येतं ना उद्या?

वच्छला : मी नाई कधी म्हटलं?

सुचिता : मावशी, पण झाकण नको नेऊस. ऑपरेशननंतर दोनेक दिवस नाकात बोळे असतील. काहीच उमटणार नाही त्याच्यावर.

वच्छला : माह्या नाकाखाली नाई उमटनार. यांच्या नाकाखाली तं उमटन ना.

नत्थूजी : दवाखान्यातही फुंकू मी? साऱ्या वॉर्डासमोर?

वच्छला : चांगलं नाक एक तरी पाहिजे संगती. बोळे निघाल्यावर माहं कशासोबत पाहू?

नत्थूजी : फुंकीन बाप्पा, फुंकीन. पण तो निळा पेन नाई दिसून राहिला कोठी. सुचिता, तुह्या खाली तं नाई?